काळी द्राक्षं

मुलांनो, मागच्या आठवड्यात आपण आमच्या फिश टँकमधल्या शंखातल्या खेकड्याला घर बदलताना पाहिलं. आज त्याच टाकीतली आणखी एक गोष्ट सांगते. ही गोष्ट तुम्हांला सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. कारण तिच्यात एक मोठी चूक आहे आणि ती माझी आहे. पण तुमच्या चुका मी फळ्यावर लिहून दाखवते, मग माझी तेवढी झाकून ठेवायची, हे काही बरोबर नाही.

२०२३ सालचा जानेवारी महिना. परिपाठ नुकताच संपला होता. चौथीतला एक मुलगा खाऊचा डबा दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू न देता, अगदी बेताबेताने चालत माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, द्राक्षं आणलीत. पण खायची नाहीत हं!"

डब्यात समुद्राचं पाणी, त्यात जुन्या दोराचा वीतभर तुकडा आणि त्या दोराला घोसाने लटकलेले काळेभोर, टपोरे मणी. खरंच द्राक्षंच वाटावीत. हात लावला तर रबरासारखे मऊ. त्याच्या बाबांची होडी आहे. जाळ्याचा कुजलेला दोर कापून ते फेकून देत होते, तेवढ्यात या पठ्ठ्याने तो उचलला.

"अरे, ही माकुळाची अंडी!" मी म्हटलं. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे काल माकुळाचं सुकं होतं." सगळा वर्ग खो खो हसला.

तुमच्यापैकी जे समुद्राकाठी राहतात त्यांना माकूळ माहीत असेलच. कुणी माकली म्हणतं, कुणी म्हाकूळ. बाकीच्यांनी निदान त्याचं हाड तरी पाहिलं असेल. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला पांढरं, हलकं, खडूसारखं काहीतरी अडकवतात ना, तेच ते. त्याला समुद्रफेन म्हणतात. आपण माकुळाला मासळीबाजारात बघतो म्हणून मासा समजतो, पण तो मासा नव्हे. गोगलगाय आणि शिंपल्या यांच्या गोतावळ्यातला तो. तोंडाभोवती आठ हात आणि शिवाय आत लपवून ठेवलेले दोन लांब हात. हृदयं तीन. आणि रक्त निळसर हिरवं, कारण आपल्या रक्तात जसं लोह असतं तसं त्याच्या रक्तात तांबं असतं. हे तांबं जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अंडी काळी का? तर माकुळाची आई अंडं घालताना त्यावर आपल्याजवळच्या शाईचा लेप देते. शत्रूला आतलं बाळ दिसायला नको! आणि एवढं करून ती राखण करायला थांबत नाही. थांबणार कशी? माकुळाचं आयुष्यच मुळी वर्ष-दोन वर्षांचं. अंडी घालून झाली की आईचे दिवस भरतात. म्हणजे ही बाळं जन्माला येतात तीच पोरकी.

"बाई, मग आपणच वाढवू या ना!" तो म्हणाला. आणि मी हो म्हणून बसले.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, नाहीतर उद्या घरोघरी हट्ट सुरू होतील. खाऱ्या पाण्याची टाकी आज आणली आणि आज त्यात जीव सोडला, असं चालत नाही. लोणच्यासारखी तीही मुरावी लागते. प्राण्यांची घाण आणि उरलेलं अन्न यांतून पाण्यात अमोनिया नावाचं विष तयार होतं. ते पचवणारे जिवाणू वाळूत आणि दगडांवर वस्तीला यायला कित्येक आठवडे लागतात. आमची दोन फुटी टाकी खेकड्यामुळे दोन महिने आधीच मुरलेली होती, म्हणून माझी हिंमत झाली. शिवाय असं घरी करता येतं, हे मी वाचलंही होतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला रिचर्ड रॉस म्हणून एक मत्स्यालयातले जीवशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बोटभर लांबीचे बुटके माकूळ घरच्या टाकीत अंड्यांपासून वाढवले आहेत. आपल्याकडे केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही मोठ्या जातीचे माकूळ असेच वाढवले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती. माझ्याकडे एक हवेचा पंप, दोन बादल्या आणि चौथीचा वर्ग.

दोर टाकीत आडवा बांधला. अंडी मोजली, तेवीस भरली. हवेचे बुडबुडे अंड्यांवर थेट आदळू नयेत पण पाणी हलतं राहावं, अशी नळी लावली. शाळा सुटली की रोज पाच-सहा जणांची पाळी माझ्या घरी. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "अंड्यांसाठी एवढी माणसं? बारशाला किती येतील?"

पहिला आठवडा काहीच घडलं नाही. मुलं कंटाळली. मग हळूहळू अंडी पाणी शोषून फुगायला लागली, काळं साल ताणून पातळ झालं, आणि एका संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात आत काहीतरी हललं! दोन मोठे डोळे आणि मुगाच्या दाण्याएवढं अंग. पोरं अशी ओरडली की शेजारच्या काकू धावत आल्या.

एक गंमत सांगू? आपण टॉर्च लावून त्यांना बघत होतो ना, तेव्हा तीही आपल्याला बघत असणार. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकुळाच्या अंड्यांना त्यांनी बाहेरून छोटे खेकडे दाखवले. एरवी ही बाळं खेकड्यापेक्षा कोळंबीवर आधी झडप घालतात. पण अंड्यात असताना ज्यांनी खेकडे पाहिले होते, त्यांनी जन्मल्यावर खेकडेच पसंत केले. अभिमन्यू आईच्या पोटात ऐकून शिकला म्हणतात. ही बाळं अंड्यात बघून शिकतात. हे सांगितल्यावर वर्गातली एक मुलगी टाकीसमोर येण्याआधी वेणी घालून यायला लागली.

सतराव्या दिवशी पहिलं पिल्लू बाहेर आलं. तांदळाच्या दाण्याएवढं. पण बेडकाच्या पिल्लासारखं वेगळं रूप नाही. हुबेहूब मोठा माकूळ, फक्त छोटा केलेला. डोळे, दहा हात, कडेची झालर, सगळं जागच्या जागी. वाळूवर बसलं की वाळूच्या रंगाचं, काळ्या दगडाजवळ गेलं की काळपट. मी कापसाच्या वातीने काच पुसायला गेले, तर त्याने माझ्यावर शाई सोडली! मोहरीएवढा ठिपका. पण राग मात्र पूर्ण. चार दिवसांत एकोणीस पिल्लं बाहेर आली. चार अंडी फुटलीच नाहीत.

आता खरी परीक्षा. पहिला दिवस-दोन दिवस पिल्लं पोटातल्या बलकावर काढतात. मग भूक लागते. मी सुका जवळा चुरून टाकला. ढुंकून पाहिलं नाही. ओल्या कोळंबीचा कीस टाकला. नाही! हलत नाही ते त्यांच्या लेखी अन्नच नाही. जिवंत पाहिजे, त्यांच्याहून लहान पाहिजे, आणि दिवसातून दोनदा पाहिजे. इथे मी हात टेकले असते, पण तो मुलगा म्हणाला, "बाई, खाडीत कोळीम मिळतं ना!" दुसऱ्या दिवशी पहाटे तो आणि त्याचे बाबा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेऊन खाडीत उतरले आणि केसाएवढी बारीक कोळंबी जिवंत घेऊन आले. त्यानंतर शाळेआधी रोज.

त्यांची शिकार बघणं म्हणजे सोहळाच. पिल्लू आधी थबकतं. पुढचे दोन हात शिंगांसारखे वर उभारतं. हळूहळू पुढे सरकतं, डोळे भक्ष्यावर रोखलेले. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लपवलेले दोन लांब हात सटकन बाहेर येतात. कोळंबी गायब! काही पिल्लं घाई करायची आणि चुकायची. मोठे माकूळ मात्र भारी धीराचे असतात. केंब्रिज विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा श्नेल यांनी २०२१ मध्ये सहा माकुळांची परीक्षा प्रसिद्ध केली. समोरचा साधा खाऊ आत्ता खा, नाहीतर थांबा आणि आवडती जिवंत कोळंबी मिळवा. माकूळ पन्नास ते एकशे तीस सेकंद थांबले. मधल्या सुट्टीची घंटा व्हायला दोन मिनिटं असताना तुम्ही थांबता का, सांगा बरं!

दोन पिल्लांनी शेवटपर्यंत काही खाल्लंच नाही, ती गेली. राहिली सतरा. आणि आता ती चूक.

टाकीतलं थोडं पाणी मी दर तीन दिवसांनी बदलायची. समुद्राचं पाणी आणून रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी घालायचं. त्या शनिवारी घरात पाहुणे होते, दोन्ही बादल्या अडकलेल्या. मी आपला न्हाणीघरातला तांब्याचा हंडा घेतला. चिंचेने लख्ख घासलेला, स्वच्छ. आपण तांब्यातलं पाणी चांगलं म्हणून पितो, नाही का? रात्रभर त्यात खारं पाणी राहिलं. सकाळी ते टाकीत घातलं आणि मी पाहुण्यांना पोचवायला एसटी स्टँडवर गेले.

परत आले तेव्हा टाकीतलं पाणी शाईने गढूळ झालं होतं. अकरा पिल्लं तळाशी पांढरी पडली होती.

खारं पाणी तांब्याला खातं आणि तांबं पाण्यात उतरतं. ते अगदी थोडं असलं तरी शिंपले, कोळंबी, माकूळ यांना विष. ज्याच्या रक्तातच तांबं असतं त्याला पाण्यातलं तांबं मारतं. आपल्याला जेवणात मीठ लागतं, म्हणून मिठाच्या गोणीत कुणी श्वास घेऊ शकेल का? तसंच हे. हे मला माहीत होतं का? माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांब्याबद्दलची सूचना मी वाचलेली होती. हंड्याशी तिचा संबंध मात्र जोडला नव्हता. उरलेली सहा पिल्लं मी प्लास्टिकच्या टबात, ताज्या पाण्यात हलवली. ती वाचली. खेकडासुद्धा नशिबाने वाचला.

सोमवारी वर्गात मी हे सगळं सांगितलं. कुणी काही बोललं नाही. तो मुलगा पाटीवर काहीतरी मोजत बसला होता. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?"

मी म्हटलं, "नाही रे."

"मग रडू नका." आणि थोडं थांबून, "पण उरलेली आपण सोडू या."

वर्गात मतं घेतली. एकवीस जणांना ठेवायची होती, नऊ जणांना सोडायची. खरं सांगते, मलाही ठेवायची होती. सहा पिल्लांना नावं पडली होती, त्यातल्या ठिपक्यावर माझा विशेष जीव. पण मग आम्ही हिशेब मांडला. ही पिल्लं भराभर वाढतात. काही महिन्यांत तळहाताएवढा होणारा माकूळ, तसे सहा, आणि टाकी दोन फूट. कुणी घाबरून शाई सोडली की सगळं पाणी लगेच बदलायचं. रोजची जिवंत कोळंबी, तीही दर आठवड्याला मोठी. आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खाडीचं पाणी गोडं होणार, होड्या किनाऱ्यावर चढणार. मग कोळंबी कुठून आणायची? हिशेब फळ्यावर मांडल्यावर पुन्हा हात वर करायला सांगितले. यावेळी ठेवायच्या बाजूने चारच हात होते. त्यातला एक खाली घ्यायला मला जरा वेळ लागला.

इथे एक सांगायलाच हवं. बाजारातून विकत आणलेला मासा, कासव किंवा झाड कधीही नदीत, तळ्यात किंवा समुद्रात सोडू नका. परका जीव तिथल्यांचं खाणं पळवतो, रोग नेतो. आमची पिल्लं त्याच किनाऱ्यावरच्या अंड्यांतली, त्याच पाण्यात वाढलेली, तिथलंच खाल्लेली होती. म्हणून आम्ही ती सोडू शकलो.

संध्याकाळी ओहोटीच्या वेळी खडकांच्या कडेला, जिथे वाळूत पाणी साठून राहतं पण समुद्राशी तोंड उघडं असतं, तिथे गेलो. बादली प्लास्टिकची, हे वेगळं सांगायला नको! त्याने ती तिरकी करून पाण्यात धरली. पाच पिल्लं बाहेर पडली आणि पडता पडताच दिसेनाशी झाली. वाळूची वाळू! सहावं, ठिपक्या, बादलीच्या तळाशी चिकटून बसलं. बादली हलवली तर मोहरीएवढी शाई सोडून तेही गेलं.

मुलं बराच वेळ पाण्यात बघत उभी होती. कुणाला काही दिसलं नाही, तरी प्रत्येक जण "ते बघ, ते बघ" म्हणत होता.

पुढच्या महिन्यात तो परत डबा घेऊन आला. मला धडकीच भरली. पण डब्यात पोळीभाजी होती. म्हणाला, "बाई, बाबांना परत द्राक्षांचा दोर सापडला. या वेळी फेकला नाही. जेट्टीच्या खांबाला पाण्याखाली बांधून ठेवलाय. मी रोज बघून येतो, पण हात लावत नाही."