जुने घड्याळ : दुरुस्ती आणि जतन

ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे अचूक कालमापनाची भिस्त लंबकावरच होती. ॲन्सोनिया, सेथ थॉमस, युंगहान्स अशी परदेशी नावे मिरवणाऱ्या तबकड्या आपल्याकडील जुन्या वाड्यांत आणि पेढ्यांवर अजूनही आढळतात. त्यांतील पुष्कळ घड्याळे बंद असतात. त्यांचे काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

हल्ली एक सोपा मार्ग रूढ झाला आहे. लाकूड घासून त्यावर चकचकीत पॉलिश चढवायचे, विटलेल्या तबकडीवर नवी छापील तबकडी डकवायची आणि आतली यंत्रणा काढून सेलवर चालणारी बसवायची. लंबक पुढेही हलत राहतो, पण वेळेशी त्याचा संबंध उरत नाही. याला जीर्णोद्धार म्हणणे मला पटत नाही.

मूळ यंत्रणेत लंबक हाच धनी असतो. चावी दिलेल्या कमानीतील शक्ती दातेरी चाकांतून पुढे सरकते. शेवटच्या चाकाला दोन टोकांचा एक अडसर रोखून धरतो. लंबकाच्या झोक्यासरशी अडसर हलतो, चाक एका दात्याने पुढे सरते आणि जाता जाता लंबकाला हलकासा रेटा देते. झोक्याचा काळ लंबकाच्या लांबीवर ठरतो. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा गोळा अवघा एक मिलिमीटर वर चढवला, तर घड्याळ दिवसाकाठी सुमारे तीन मिनिटे पुढे जाते! एवढी नाजूक व्यवस्था भंगारात टाकून केवळ पेटी जपण्यात कसले आले जतन?

पुष्कळदा दोष क्षुल्लक असतो. एक ‘टिक’ लांब आणि दुसरी आखूड ऐकू येत असेल, तर घड्याळ बहुधा तिरपे टांगलेले असते. स्वयंपाकघरातले तेल घातले असेल, तर ते चिकट होते, त्यात धूळ मिसळते आणि आसांची भोके झिजून लंबगोल होतात. जाणता घड्याळजी तेथे पितळी बुश बसवतो. मात्र कमान सैल केल्यावाचून यंत्र उघडू नये. ती सुटली तर बोटांना गंभीर इजा होते.

दुरुस्तीइतकेच महत्त्व मी छायाचित्रांना देतो. पहिला स्क्रू फिरवण्यापूर्वी घड्याळ आहे तसे टिपावे. धूळ, ओरखडे, पूर्वीच्या कारागिराने आत कोरलेली तारीख, सारे काही. शेजारी मोजपट्टी ठेवावी. फ्लॅश टाळावा, कारण काचेवर तो चमकतो. खिडकीतून बाजूने येणारा उजेड पुरेसा असतो. मग प्रत्येक भाग काढताना एकेक चित्र घ्यावे. पुसट आकडे पुन्हा रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. मी ते तसेच ठेवीन, कारण रंगवलेला आकडा मूळचा कसा होता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

ही छायाचित्रे छापून, मागे तारीख व केलेले काम लिहून, पाकिटात घालून पेटीतच ठेवावीत. पुढच्या घड्याळजीला ती लागतील. पाकीट लंबकाच्या आड येत नाही ना, एवढे तेवढे पाहावे.