गाणे केवळ स्नेहसंमेलनापुरते नको

डाऊन सिंड्रोम असलेली मुले स्नेहसंमेलनात ठेक्यावर नाचताना पाहून सद्गदित होणारे आपण, दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच मुलांपुढे कोरडा धडा वाचून दाखवतो आणि तो उमगला नाही म्हणजे दोष त्यांच्या बुद्धीला देतो, ही विसंगती शिक्षणाची कळकळ असणाऱ्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारी आहे.

या अवस्थेचे मूळ एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीत आहे, हे १९५९ साली जेरोम लेज्यून या फ्रेंच वैद्यकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. पुढील संशोधनाने हेही दाखवून दिले, की ऐकलेले शब्द क्षणभर मनात धरून ठेवणे यांतील बहुतेक मुलांना कठीण जाते, परंतु डोळ्यांनी पाहिलेले त्यामानाने चांगले स्मरते. म्हणूनच हातवाऱ्यांची जोड आणि पुनरावृत्तीचा आधार लाभलेले गीत हे त्यांच्या अध्ययनाचे समर्थ साधन ठरू शकते.

शिक्षिकेने दादऱ्याच्या सहा मात्रांवर, एकेक बोट उघडीत, संथपणे अंक म्हणावेत, चार-पाच आवर्तनांनंतर सहाव्या मात्रेवर स्वतः मौन धरावे आणि मुलाच्या तोंडून ‘सहा’ उमटेपर्यंत धीराने थांबावे. मग चाल हळूहळू मागे घेऊन त्याच्याकडून तितकेच मणी मोजून घ्यावेत, म्हणजे पाठांतराला आकलनाची जोड मिळते.

अर्थात तारतम्य हवेच. डाऊन सिंड्रोममध्ये श्रवणदोष वारंवार आढळत असल्याने कानांची तपासणी आधी व्हावी. आणि सातव्या गुणसूत्राचा अंश गळाल्यामुळे उद्भवणाऱ्या विल्यम्स सिंड्रोमच्या मुलांना संगीताची ओढ बहुधा मोठी असली, तरी ढोल-ताशासारखा आवाज त्यांतील अनेकांना असह्य होतो, याचे भान राखावे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुरूप वाजवी सोय करण्याची जबाबदारी शासकीय अनुदानित व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर सोपवली आहे. या तरतुदीचा अंमल रॅम्प आणि दाखल्यांपुरता न राहता, अशा विद्यार्थ्याच्या वैयक्तिक अध्ययन आराखड्यात कोणता पाठ कोणत्या चालीवर शिकवायचा याची नोंद व्हावी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याची तजवीज व्हावी आणि या कामासाठी वेळापत्रकात रोजची तासिका राखून ठेवावी. संगीताने गुणसूत्रे बदलत नाहीत. परंतु शिकवण्याची पद्धत बदलणे सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि ती बदलण्याची मागणी हा या मुलांचा हक्क आहे.