लेकीच्या हातची काठी

मैत्रिणींनो, लेक पूल खेळायला जाते म्हटलं, की सातारा-सांगलीकडे अजून कुणी ना कुणी नाक मुरडतंच. तिला अडवू नका. उलट थोडा वेळ स्नूकरही खेळू द्या. पूलचं टेबल ९ फुटी, स्नूकरचं १२ फुटी. शिवाय बॉल लहान, पॉकेटं चिंचोळी. नेम केसभर हुकला, की बॉल बाहेरच! लांबचा सरळ फटका डोकं न हलवता रोज वीसदा मारावा. मग पूल सोपा वाटतो. मात्र ब्रेकचा सराव पूलवरच हवा, त्याचे बॉल जड असतात.

इंग्लंडची ॲलिसन फिशर महिला स्नूकरमध्ये ७ वेळा जगज्जेती. १९९५ मध्ये ती अमेरिकेत पूलकडे वळली. तिथंही नाइन-बॉलमध्ये ४ वेळा जगज्जेती झाली. तेव्हा कुणाच्या बोलण्यावरून लेकीची काठी काढून घेऊ नका हं!