हायस्कुलांतच कॉलेजचे श्रेयांक

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत आहेत. अकरावींतल्या नातीनें कॉलेजचे श्रेयांक मिळविले असें कळलें, कीं येथील आजोबांस धन्यता वाटते, आणि तिकडे तिच्या धाकट्या चुलतभावासही त्याच वाटेस लावण्याची घाई सुरू होते. धन्यता अस्थानीं नाहीं; परंतु हा श्रेयांक कोठें चालतो व कोठें चालत नाहीं, हें जाणल्यावांचून केलेली घाई मुलास जड जाते.

अमेरिकेंत पदवी वर्षांवर नव्हे, श्रेयांकांवर मोजतात. बहुतेक ठिकाणीं पदवीस सुमारें १२० श्रेयांक लागतात. एका विषयाच्या एका सत्रास साधारणतः तीन मिळतात. हायस्कुलांतच ३० पदरीं पडले, तर एक वर्ष आणि त्या वर्षाची फी वांचते; निदान कागदावरच्या हिशेबांत तरी वांचते.

ते मिळविण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षेची. कॉलेज बोर्ड या संस्थेनें ही योजना १९५५ सालीं हातीं घेतली. मे महिन्यांत परीक्षा होते व १ ते ५ असे गुण देतात. दुसरी वाट दुहेरी नांवनोंदणीची. तींत विद्यार्थी हायस्कुलांत असतांनाच कॉलेजचा अभ्यासक्रम पुरा करतो. मिनेसोटा राज्यानें १९८५ सालीं याची सोय केली. वॉशिंग्टन राज्याच्या 'रनिंग स्टार्ट' योजनेंत अकरावी-बारावीच्या मुलांस शिकवणीची फी पडत नाहीं. पुस्तकें व जाण्यायेण्याचा खर्च मात्र घरच्यांकडे.

या दोहोंतील एक भेद पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. परीक्षेंत गुण कमी आले, तर तो निकाल कॉलेजास न पाठविण्याची सोय असते. कॉलेजच्या वर्गांत मिळालेली श्रेणी मात्र कायमच्या नोंदींत राहते. पुढें वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करतांना हायस्कुलांत असतांना घेतलेल्या कॉलेजच्या विषयांचेंही गुणपत्रक द्यावें लागतें. सोळाव्या वर्षीं झेपेनासें ओझें घेतलें, तर त्याचा डाग बाविसाव्या वर्षीं पुढें येतो.

खरी मेख आणखी निराळीच आहे. श्रेयांकाची किंमत देणारा ठरवीत नाहीं, घेणारा ठरवितो. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ वा अधिक गुणांस श्रेयांक देतें. डार्टमथ कॉलेजनें मात्र २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांस पदवीसाठीं ते देणें बंद केलें. उत्तम गुण असल्यास वरच्या वर्गांत बसण्याची मुभा तेवढी ठेविली. अनेक वैद्यकीय महाविद्यालयेंही जीवशास्त्र वा रसायनशास्त्र यांच्या जागीं हे श्रेयांक धरीत नाहींत. मुलास डॉक्टर करूं पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. नाणें खरें असलें, तरी प्रत्येक पेठेंत चालतेंच असें नाहीं.

तेव्हां शेजारच्या मुलानें किती विषय घेतले हें विचारूं नये. ज्या कॉलेजांत जाण्याचा मानस आहे, तें कोणते श्रेयांक मान्य करतें हें आधीं पाहावें. मग मुलास कोणत्या विषयाची गोडी आहे तें पाहावें, आणि झोप व खेळ राखून किती विषय झेपतील, हें त्यालाच विचारावें. गोडीचे दोन विषय मन लावून केलेले, दडपणाखालीं केलेल्या सहांहून बरे.

हा प्रश्न परदेशांतल्या नातवंडांपुरता राहणार नाहीं. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामागून २०२१ सालीं 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' निघाली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानें शालेय शिक्षणही श्रेयांकांच्या हिशेबांत आणलें. उद्यां येथल्या घरांतही श्रेयांकांची मोजदाद सुरू होईल. त्या वेळीं घरच्या वडील मंडळींनीं एवढें जपावें, कीं वांचलेलें वर्ष मुलाच्या कामीं यावें. केवळ चारचौघांत सांगण्यापुरतें राहूं नये.