एक तृतीयांश कशाचा?

ईव्हीएसच्या पेपरला आपण सगळे आदल्या रात्री बसतो. ओझोन, वाघ, ग्लोबल वॉर्मिंग... घोकलं, लिहिलं, पास! त्या पुस्तकात आमची चिंचपोकळी कुठेच नाही, म्हणून हे लिहिते आहे. शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे आजोबा गिरणीत कामाला होते. कापसाची धूळ त्यांच्या छातीत कायमची बसली. ‘बिसिनोसिस’ हा शब्द मला नंतर कळला, खोकला मात्र लहानपणापासून ओळखीचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजोबाही होते.

त्याच वर्षी अमेरिकेत वॉरन काउंटीतल्या गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीजवळ विषारी माती पुरायला लोकांनी विरोध केला. ५०० हून जास्त जणांना अटक झाली. पर्यावरण न्यायाची चळवळ तिथपासून मोजतात. प्रश्न दोन्हीकडे एकच : धूळ कोणाच्या वाट्याला आणि मोकळी हवा कोणाच्या?

गिरण्या बंद पडल्या, उरली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ चा नियम ५८ ढोबळमानाने असा, की एक हिस्सा महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून निघालेली जमीन त्यात धरायची नाही. म्हणजे अपूर्णांक तोच, पण एक तृतीयांश कशाचा, तेच बदललं! २००५ मध्ये हायकोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला.

होस्टेलवर मित्र म्हणतात, “मग काय, डेव्हलपमेंट नको?” हवी ना! टॉवरमध्ये उद्या आपल्यापैकीच कोणीतरी नोकरी करेल. पण जमीन पाणी पिते, काँक्रीट पीत नाही, हे सिव्हिलवाल्यांना मी काय सांगणार? आणि ज्यांनी धूळ खाल्ली त्यांना काय मिळालं? २०१२ च्या लॉटरीत २२५ चौरस फुटांची घरं निघाली, तीही थोड्यांनाच. बाकीच्यांना आता शेलू-वांगणी दाखवतात.

आजोबांचा नंबर लागला नाही. ते गेले, फॉर्मची पावती आजीच्या ट्रंकेत आहे.

मित्रांनो, उद्या प्लॅनवर सह्या आपण करणार आहोत. तेव्हा एवढंच विचारा : एक तृतीयांश, पण कशाचा?