छाट



माझी आजी कामठीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता अन् तंबाखू, बोटांत सुताचा धागा. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल सट्टेदाराकडे न्यायचा. तो विड्या उजेडात धरायचा, डोळे बारीक करायचा आणि मूठमूठ बाजूला फेकायचा. त्याला म्हणतात छाट. छाटीचे पैसे नाहीत. आणि छाटलेली विडी आजीला परतही नाही, ती सट्टेदाराच्याच पोत्यात! खराब होती तर ठेवून का घेतली? चांगली होती तर पैसे कुठं गेले? मरेपर्यंत म्हातारी हेच विचारत होती.

मी तिचा नातू. बी.कॉम. झालेला. इंदोऱ्याच्या एका खोलीत राहतो आणि मीही विड्याच वळतो. माझं सूप तेवढं काचेचं आहे.

"काहून बे, रातभर मोबाईलवर काय टिचक्या मारून राहिला?" माय विचारते.

काम करून राहिलो माय. कुणाचं? सांगता येत नाही.

धंदा असा आहे. कुठली तरी कंपनी मोठं काम घेते, त्याचे हजारो तुकडे करते, ॲपवर उधळते. फोटोतल्या गाडीभोवती चौकोन काढ. पावतीवरचा आकडा वाच. हे वाक्य मोठ्यानं म्हण. तुकड्याला पंचवीस पैसे, पन्नास पैसे. ज्याचं बोट आधी पडलं त्याचं काम. एकच तुकडा पाचजणांना देतात. ज्यांची उत्तरं जुळली ते खरे, उरलेला खोटा. त्याची छाट. छाट वाढली की टक्का घसरतो, टक्का घसरला की बरी कामं दिसेनाशी होतात. मालक दिसत नाही, मुकादम दिसत नाही, शेजारी बसलेला कामगारसुद्धा दिसत नाही. काम शोधण्यात गेलेला तास कुणाच्याच हिशेबात नाही.

या धंद्याचा नमुना ॲमेझॉननं २००५ साली घातला. नाव ठेवलं मेकॅनिकल टर्क. १७७० साली केम्पेलेन नावाच्या इसमानं ऑस्ट्रियाच्या राणीपुढं बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क उभा केला होता. दरबार थक्क. यंत्र कसलं डोंबलाचं! पेटीत माणूस कोंबलेला होता. कंपनीनं तेच नाव बिनदिक्कत घेतलं, कारण तिलाही पेटीत माणसंच कोंबायची होती. २०१८ साली संशोधकांनी तिथल्या २,६७६ कामगारांची ३८ लाख कामं तपासली. निम्म्या कामगारांना तासाला दोन डॉलरसुद्धा सुटत नव्हते. अमेरिकेचं किमान वेतन सव्वासात डॉलर. त्याच्या वर गेलेले शंभरात चार.

आता माझी गोष्ट ऐका. लाज वाटते, पण सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका ॲपवर काम आलं. मराठी वाक्य वाचायचं आणि ते अपमानकारक आहे की साधं मत आहे ते दाबायचं. यंत्राला म्हणे शिवी ओळखायला शिकवून राहिले. वाक्य आलं : सवलतीवर शिकलेल्या डॉक्टरकडून पोट कोण कापून घेईल? मी 'अपमानकारक' दाबलं. छाट! बाकीच्यांनी 'साधं मत' दाबलं होतं. त्या रात्री असली सात वाक्यं आली. सातही वेळा मी चूक. दाद मागायला खिडकी नाही. टक्का घसरत चालला, खोलीचं भाडं थकलेलं. आठवं वाक्य आलं. मी 'साधं मत' दाबलं.

पैसे आले. पन्नास पैसे.

पन्नास पैशांत मी माझ्या आज्याचा अपमान 'साधं मत' म्हणून विकला. आता ते यंत्र शिकलं. उद्या कॉलेजात, बँकेत, नोकरीच्या अर्जावर ते बसेल तेव्हा त्याच्या डोक्यात वाड्यावरचाच न्याय असेल आणि त्याखाली माझाही अंगठा असेल.

आमचेच काही मित्र म्हणतात, इथं जात कोण विचारतं? आडनाव लागत नाही, काम करा, पैसे घ्या. अरे, आडनाव लागत नाही, पण बहुमत लागतं ना! बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय की या देशातलं बहुमत जन्मानं ठरतं. १९३६ सालीच त्यांनी दाखवून दिलं की जात नुसतं काम वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. ॲपनं तेच केलं. पाचजणांना पाच खोल्यांत कोंडलं आणि एकाच्या विरुद्ध चौघांची साक्ष काढली.

लायकीचा प्रश्न नाही. २०१९ सालच्या एका प्रयोगात खेड्यातल्या माणसांनी स्वस्तातल्या मोबाईलवर हस्तलिखित देवनागरी शब्द ९६.७ टक्के अचूक उतरवले. काम करायची त्यांची हौस एवढी की मर्यादा घाला, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली. हौस? साहेब, आमच्याकडं तिला भूक म्हणतात! २०२० च्या अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तासांची मराठी बोली जमवली. गरिबांचं काम विद्यापीठातल्या पोरांच्या तोडीस तोड निघालं. त्याच वाटेनं पुढं आलेली बंगळूरची 'कार्या' ही संस्था तासाला पाच डॉलरच्या आसपास देण्याची आणि माल पुन्हा विकला तर वाटा देण्याची भाषा करते. चांगलं आहे. पण देणाऱ्याचं मन चांगलं म्हणून मिळतं ते दान. आपल्याला हक्क पाहिजे.

हक्क मागून मिळत नाही, हे कामठीनं शिकवलं. बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात इथल्या विडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ साली मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले, १९३९ साली ऐन पस्तिशीत गेले. 'जयभीम' आपल्या तोंडी घातला तो याच माणसानं. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. छाटीचा तंटा सोडवायला अधिकारी असावा, असं त्यात लिहिलं गेलं. अंमल किती झाला ते आजीला विचारा. पण छाट हा मालकाचा खासगी मामला नाही, एवढं तरी कागदावर आलं. तो कायदाही आता नव्या संहितेत विरघळवला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' हा शब्द आहे, नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. पण त्याची व्याख्याच मालक-नोकर नात्याच्या बाहेरची. योजना मिळतील म्हणे. छाटीबद्दल एक ओळ नाही.

म्हणून आपलं मागणं साधं आहे. छाटलं तर कारण लिहून द्या. छाटलेला माल वापराल तर पैसे मोजा. शोधण्यातला तास कामाचा तास धरा. निवाडा करायला हाडामांसाचा माणूस बसवा. आणि जातीच्या शिवीचा निकाल शिवी देणाऱ्यांच्या बहुमतानं लावू नका.

अन् दोस्ता, तू. तूही रात्री दोन वाजता जागा असतोस, ठाऊक आहे मला. पाचपावलीत, टेकानाक्यावर, जरीपटक्यात, तुझ्याही खोलीत काचेचं सूप उजळलेलं असतं. कदाचित त्या आठव्या वाक्याला तूही तेच दाबलंस. येत्या रविवारी बाहेर ये. किती वाजले, किती छाटले, वहीत लिहून आण. पेटीतला माणूस जोवर आतून लाथ घालत नाही, तोवर दरबार यंत्रालाच टाळ्या देणार.

जयभीम.