शब्दाला कागदाची जोड

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहे. वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य यांची हानी टाळावी, हा तिचा रास्त अर्थ. परंतु अनेक छोटे व्यावसायिक तिचा भलताच अर्थ घेतात. कोर्ट नको म्हणून कायदा नको आणि कायदा नको म्हणून कागदही नको, अशी त्यांची समजूत होऊन बसते. वास्तविक ज्याच्या हाती नीट लिहिलेला कागद असतो, त्याच्यावर ती पायरी चढण्याची वेळ क्वचितच येते. कारण तो कागद समोरच्यालाही दिसत असतो.

तोंडी व्यवहाराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. गावातील सुतार, लोहार, शिंपी यांचे व्यवहार शब्दावर चालत आणि शब्द मोडणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवणे कठीण होई. शेजाऱ्यांची नजर हाच तेथील करारनामा होता. आज गिऱ्हाईक दुसऱ्या शहरातले, कधी दुसऱ्या राज्यातले असते आणि ओळख केवळ फोनवरची असते. शब्द पाळायला लावणारे गाव मागे राहिले. शब्दावर विसंबण्याची सवय तेवढी उरली.

तोंडी करार कायद्याने बाद ठरवलेला नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार पक्षकार सज्ञान व सुबुद्ध असावेत, संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि मोबदला व उद्देश कायदेशीर असावा. एवढे असले, की बहुतेक व्यवहारांत बोलण्यातूनही करार होतो. अडचण आहे ती पुराव्याची.

समजा, घरी चार शिलाई यंत्रे ठेवून काम करणाऱ्या एका बाईंना एका व्यापाऱ्याने ४०० शालेय गणवेशांची मागणी फोनवर दिली. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी माल पोहोचला. जुलैत उत्तर मिळाले, ‘शाळेकडून पैसे आले, की देतो.’ ऑगस्टमध्ये रंग नमुन्यापेक्षा फिका असल्याची तक्रार निघाली आणि दिवाळीच्या सुमारास दर १० रुपयांनी कमी ठरला होता, असे व्यापाऱ्याला आठवू लागले. तो लबाडच असेल असे नाही. माणसाची आठवण आपल्या फायद्याच्या बाजूला झुकते, एवढेच. पण बाईंनी कापड उधारीवर आणलेले, मदतनीस मुलींची मजुरी दर आठवड्याला दिलेली. व्यापाऱ्याची आठवण झुकली तर त्याचे थोडेफार वाचते. बाईंची यंत्रे मात्र विकली जाऊ शकतात.

येथे वकिलाने लिहिलेला जाडजूड करारनामा लागत नाही. नगसंख्या, मापे, दर, माल देण्याची आणि पैसे देण्याची तारीख, तक्रारीची मुदत एवढे लिहिलेले एक पानी मागणीपत्र, त्याला टाचलेला कापडाचा तुकडा आणि त्यावर दोघांच्या सह्या, एवढ्याने रंगाचा आणि दराचा वाद बव्हंशी मिटला असता. माल देताना चलनावर तारखेसह पोच घेणे हे त्याहूनही महत्त्वाचे. पुष्कळ जण मागणीपत्र जपून ठेवतात आणि पोच मात्र विसरतात.

पोच महत्त्वाची का, हे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यावरून कळते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत आणि ही मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही, असे हा कायदा सांगतो. मुदत ठरलेलीच नसेल, तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मालाबद्दल हरकत असल्यास माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ती लेखी कळवावी लागते. न कळवल्यास माल ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी स्वीकारला, असे मानले जाते. म्हणजे ऑगस्टमधील तोंडी तक्रारीने पैसे देण्याची मुदत पुढे ढकलता येत नाही. मात्र जूनमधील पोच हाती हवी. उशीर करणाऱ्याला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्यांमध्ये सुविधा परिषदा आहेत. पुरवठादार जेथे असेल तेथील परिषदेला अधिकार असतो, मग खरेदीदार देशात कोठेही असो. परिषदेचा निवाडा रद्द करून घ्यायचा, तर खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. दुबळ्याच्या बाजूने इतका स्पष्ट झुकलेला कायदा सहसा आढळत नाही.

तरीही त्याचा लाभ घेण्यास अनेक जण कचरतात आणि त्याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, तोच पुढच्या हंगामाचे काम देणारा असतो. शिवाय प्रकरणे रेंगाळतात आणि कचेरीत जायचे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडते. ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. म्हणूनच अटी ठरवण्याची खरी वेळ काम घेतानाची असते. तेव्हा गणवेशांची गरज व्यापाऱ्याला असते आणि सहीसाठी कागद पुढे केला, तर तो सहसा रागावत नाही. माल हातून गेला, की तीच विनंती अविश्वासासारखी वाटू लागते.

कागदाइतकीच उपेक्षा नियमपालनाची होते. कर वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर माल देणारा व्यावसायिक आपल्याच हाताने आपला पुरावा नाहीसा करतो. पुढे पैसे बुडाले, तर जी विक्री त्याने स्वतःच दाखवलेली नाही, तिची वसुली तो कोणत्या तोंडाने मागणार? भागीदारीतही हेच घडते. दोन मित्र मिळून छापखाना काढतात, पाटी लागते, पूजा होते, पण भागीदारी संस्थेची नोंदणी राहून जाते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार, नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून मिळालेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरचा माणूस मात्र संस्थेवर दावा लावू शकतो. न केलेल्या नोंदणीमुळे दार एकाच बाजूने बंद होते.

मुदतीचेही भान ठेवावे लागते. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ‘या दिवाळीला देतो’ असे तोंडी सांगता सांगता तीन दिवाळ्या निघून जातात. ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. जुने पेढीवाले वर्षाकाठी खतावणीत गिऱ्हाइकाची ‘बाकी कबूल’ अशी सही घेत, त्यामागे हेच शहाणपण होते. खतावणीची जागा संगणकाने घेतली. सही घेण्याची रीत अनेक ठिकाणी त्याबरोबरच गेली.

२००६ च्या कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर उद्योगाची नोंदणी वेळीच झालेली असावी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. पैसे अडकल्यावर नोंदणी केली, तर आधीच्या पुरवठ्यासाठी तिचा उपयोग होतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ च्या निकालाने असा लाभ नाकारला आणि २०२५ मध्ये नोंदणीच्या वेळेचा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. ज्यांचा व्यवसाय केवळ घाऊक वा किरकोळ विक्रीचा आहे, त्यांना ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण थकलेल्या पैशांबाबतचे हे संरक्षण मिळत नाही. त्यांनी आपल्या लेखी अटींवरच भर द्यावा. नोंदणी ऑनलाइन आणि निःशुल्क आहे. ती करून देण्यासाठी बाजारात पैसे घेणारे मध्यस्थ भेटतात. शासनाच्या संकेतस्थळावर मात्र तिच्यासाठी एक रुपयाही लागत नाही.